मंचावरून उतरल्यानंतर
(शरीरसौष्ठवपटूंच्या आरोग्याविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे)

थंडी सुरू झाली की मुंबईत मैदानामैदानांवर मंच उभे राहू लागतात आणि पुढचे तीन-चार महिने ‘श्री’ किताबाच्या स्पर्धांची रांग लागते. या काळात आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रे ‘शेवटच्या आठवड्यात काय करू?’ असे विचारणारी असतात. स्पर्धेनंतर काय करावे, हे विचारणारे पत्र क्वचितच येते आणि आले तरी बहुधा त्रास सुरू झाल्यावर. स्पर्धेनंतरच्या दोन-तीन महिन्यांचे खाणे, झोप आणि व्यायाम यांचे नियोजन मंचावर चढण्याआधीच कागदावर उतरलेले असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे या वेळी पत्रे निवडतानाही थोडा पक्षपात केला आहे.

प्रश्न : मी ७० किलोच्या गटात उतरणार आहे. आमचे प्रशिक्षक शेवटचे दोन दिवस मीठ आणि पाणी पूर्ण बंद ठेवायला आणि आदल्या रात्री लघवी होण्याची गोळी घ्यायला सांगतात. त्याशिवाय कातडी पातळ दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. गोळी घ्यावी का?
— एक स्पर्धक, लालबाग

उत्तर : गोळी घेऊ नये आणि पाणीही बंद करू नये. यामागचे कारण नीट समजून घ्या, म्हणजे प्रशिक्षकांशी बोलताना नुसते ‘डॉक्टर नको म्हणाले’ एवढेच सांगायची वेळ येणार नाही.

स्नायूंचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. तुम्ही खाल्लेला भात किंवा रताळी स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठतात आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. स्नायू भरीव दिसतात ते याच साठ्यामुळे. फक्त कातडीखालचे पाणी काढून स्नायूंतले तसेच ठेवावे, असा हुकूम शरीराला देता येत नाही. पाणी तोडले की ते रक्तातून आणि स्नायूंतूनही जाते. मग मंचावर पंप (व्यायामाने रक्त भरून स्नायूंना येणारा फुगवटा) येत नाही, शिरा दिसत नाहीत आणि मुले म्हणतात, ‘अरे, काल रात्री भारी दिसत होता, आज फ्लॅट पडला.’ कातडी पातळ दिसते ती आधीच्या कित्येक आठवड्यांत चरबी उतरली असेल तर. ती उतरली नसेल, तर दोन दिवसांच्या तहानेने काही साधत नाही.

गोळीचा धोका याहून गंभीर आहे. फ्युरोसेमाइडसारख्या औषधाने पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जाते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या पोटॅशियम रोखून धरतात. त्यांच्यासोबत कोणी पोटॅशियमची पावडर घेतली, तर रक्तातले प्रमाण उलट्या बाजूने जीवघेणे होते. मंचामागे ‘याने पाण्याची घेतली, त्याने पोटॅशियमवाली घेतली’ अशा गप्पा चालतात, तेव्हा कोणती गोळी कोणत्या जातीची आहे हे बहुतेकांना ठाऊकही नसते. फ्रान्सकडून खेळणारा अल्जीरियन व्यावसायिक मोहम्मद बेनअझीझा १९९२ साली हॉलंडमध्ये स्पर्धेनंतर काही तासांतच मरण पावला. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस मुन्झर १९९६ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, एकामागून एक अवयव निकामी होऊन गेला. दोघांच्याही मृत्यूशी अशा औषधांचा वापर जोडला जातो. त्यांच्या दिमतीला जगातले अनुभवी मार्गदर्शक होते, हेही ध्यानात घ्यावे. ही औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीतही आहेत.

मग करावे काय? दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेतीनशे ते सातशे ग्रॅम वजन उतरेल अशा बेताने तयारी वेळेवर सुरू केलेली असावी. शेवटच्या आठवड्यात पाणी आणि मीठ रोजच्यासारखेच ठेवावे. भात वाढवून स्नायू भरायचे असतील, तर तो प्रयोग स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा करून पाहावा आणि त्या दिवशी कसे दिसलात त्याचा फोटो ठेवावा. वजन-तपासणीला अर्धा किलो जास्त भरण्याची धास्ती असेल, तर आदल्या दिवशी पालेभाजी, सालीसकट डाळी आणि कोंडायुक्त भाकरी कमी करून साधा भात आणि अंडी खावीत. आतड्यांतला भार तेवढ्याने हलका होतो आणि रक्तातले पाणी जागेवर राहते. मंचामागे पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, चक्कर आली किंवा लघवी गडद पिवळी झाली, तर ओआरएस घोटघोट प्यावे आणि आयोजकांच्या डॉक्टरांना गाठावे. छातीत धडधड होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालयात जावे. मंचावर आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत थांबू नये.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे आणि दोन महिन्यांपासून स्पर्धेच्या डाएटवर आहे. उकडलेली कोंबडी आणि अंड्यातला पांढरा भाग यापलीकडे काही खात नाही. शब्दाशब्दाला चिडतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. आमच्या दोन खोल्यांत त्याच्यासमोर जेवायचीही चोरी झाली आहे. मी काय करावे?
— एक आई, गिरगाव

उत्तर : ताई, तुमचा मुलगा उद्धट झाला आहे असे मनात आणू नका. दोन महिने कमी खाणारा माणूस चिडतोच. भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली असतात, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन उतरलेले असते आणि झोप याच ओढाताणीत मोडते. त्यात ही मुले व्यायामाआधी कॅफिनची पावडर घेतात. तिचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतो. संध्याकाळी सातला व्यायामशाळेत जाणाऱ्याने ती घेतली, तर मध्यरात्री त्याचा डोळा लागणार कसा? दुपारनंतर ती बंद कर, एवढे एकच त्याला सांगा आणि बाकीच्या सूचना स्पर्धा होईपर्यंत गिळून टाका.

तुम्ही तुमचे जेवण चोरून जेवू नका. घरात बोंबील तळले गेले म्हणून कोणाचे डाएट मोडत नाही. त्याच्या डब्याची वेळ मात्र चुकू देऊ नका, कारण दिवसभरात त्याला वाट पाहण्यासारखी तेवढीच गोष्ट उरलेली असते. कोंबडीला आले, लसूण, हळद, धणे, लिंबू, कोथिंबीर लावायला कसलीच आडकाठी नाही. बेचव खाल्ल्यानेच शरीर ‘कट’ होते, म्हणजे स्नायू रेखीव दिसतात, हा व्यायामशाळांतला जुना गैरसमज आहे. पांढऱ्यासोबत एक-दोन पिवळे बलकही खा, असे त्याला माझ्या नावाने सांगा. आहारातली स्निग्धता अगदी शून्यावर आणली की पुरुषांच्या संप्रेरकांवर परिणाम होतो.

एक गोष्ट तुम्ही पाहू शकता. सकाळी तो उठण्याआधी, अंथरुणातच, मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. व्यायाम करणाऱ्यांची नाडी मंद असणे नवल नाही, पण ती चाळिशीच्या खाली असेल आणि उभे राहताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ईसीजी करून घ्या. आणि स्पर्धेनंतरच्या सकाळी कौतुकाने पुरणपोळी, मटण आणि श्रीखंड असा सगळा बेत एकाच दिवशी मांडू नका. का ते पुढच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी माझी स्पर्धा झाली आणि गटात तिसरा क्रमांक आला. त्या रात्रीपासून मी खातच सुटलो. वडापाव, मिसळ, बिर्याणी, आइस्क्रीम, पोट दुखेपर्यंत. पहिल्या चार दिवसांत वजन सात किलोंनी वाढले आणि घोटे इतके सुजले की बूट चढेनात. आता सूज उतरली आहे, पण रात्री उठून खाणे थांबत नाही. नाक्यावर मंडळाने माझ्या अभिनंदनाचा बॅनर लावला आहे. त्यावरचा मी आणि आरशातला मी वेगळे दिसतो, म्हणून मी मागच्या गल्लीने जातो आणि व्यायामशाळेतही जात नाही. माझी जिद्द संपली आहे का?
— एक स्पर्धक, घाटकोपर

उत्तर : तुमच्या जिद्दीला काहीही झालेले नाही. जे घडते आहे ते उपासमारीनंतर शरीर करतेच, आणि हे फार पूर्वी नोंदवले गेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. रोजचे अन्न सुमारे १,५७० कॅलरींचे होते, म्हणजे आपल्याकडचे कित्येक स्पर्धक शेवटच्या महिन्यात खातात त्याच्या आसपास. ती माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृती गोळा करू लागली, उदास आणि चिडखोर झाली. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांच्यातल्या अनेकांची भूक काही केल्या भागेना. त्यांतल्या कोणालाही किताब जिंकायचा नव्हता आणि जिद्द नसल्याचा आरोपही त्यांच्यावर कोणी करू शकणार नाही.

शरीरसौष्ठवातलाच दाखला हवा असेल, तर २०१३ साली प्रसिद्ध झालेली एका नैसर्गिक स्पर्धकाची बारा महिन्यांची नोंद पाहावी. सहा महिन्यांच्या तयारीत त्याची चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली. त्याच काळात विश्रांतीच्या वेळची नाडी मिनिटाला ५३ वरून २७ वर उतरली आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मिलिलिटरमागे ९.२२ नॅनोग्रॅमवरून २.२७ वर, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर आले. कोणतेही औषध न घेणाऱ्या तरुणाचे हे आकडे आहेत. मंचावर ज्याला आपण सर्वोत्तम अवस्था म्हणून टाळ्या देतो, ती शरीराच्या हिशेबात टंचाईची अवस्था असते. स्पर्धेनंतर त्याची चरबी पुन्हा जवळपास पूर्वीइतकी झाली आणि संप्रेरके जागेवर आली. म्हणजे चरबी परत येणे हा बरे होण्याचा भाग आहे. बॅनरवरचे शरीर एका संध्याकाळपुरते होते आणि फोटोग्राफरला ते टॅन लावून, प्रकाशझोतात, पंप केलेले मिळाले होते. त्या शरीराने तुम्ही नोकरीही करू शकला नसता.

चार दिवसांतल्या सात किलोंपैकी बहुतांश वजन पाणी, ग्लायकोजेन आणि आतड्यांतले अन्न यांचे होते. मीठ तोडलेले शरीर मीठ धरून ठेवण्याच्या तयारीत असते. त्यात एकदम खारट आणि गोड अन्न आले की वाढलेले इन्सुलिनही मूत्रपिंडांना सोडियम राखायला लावते आणि सूज घोट्यांत उतरते. ही सूज आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते, तशी तुमची ओसरली. (इतर वाचकांसाठी : सूज एकाच पायाला आणि दुखरी असेल, धाप लागत असेल, किंवा भरपूर खाणे सुरू केल्यावर हातपाय लुळे वाटून गोंधळल्यासारखे होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उपासमारीनंतर एकदम खाल्ल्याने रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरू शकते आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.)

आता उपाय. पहिली गोष्ट, पुन्हा डाएट सुरू करू नका. रात्री खाल्ले म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचे आणि दोन तास सायकल मारायची, यानेच हे चक्र फिरत राहते. दिवसाला चार जेवणे ठरलेल्या वेळी घ्या आणि प्रत्येक जेवणात प्रथिनांसोबत पोळी, भाकरी किंवा भात पोट भरेपर्यंत घ्या. आमटी, भाजी, ताक, फळे, सगळे परत येऊ द्या. नाश्ता मोठा करा, कारण रात्रीची भूक बहुतेक वेळा दिवसा वाचवलेल्या कॅलरींतून येते. दर आठवड्याला पन्नास-शंभर कॅलरी वाढवत महिनोन्महिने रेंगाळण्याची जी पद्धत सध्या लोकप्रिय आहे, तिच्याबद्दल मी उत्साही नाही. ती शिस्तीची वाटते, पण भूक तेवढीच लांबवते. एक-दोन आठवड्यांतच वजन स्थिर राहील इतक्या अन्नावर यावे आणि पुढच्या दोन महिन्यांत मंचावरच्या वजनापेक्षा पाच ते दहा टक्के वर स्थिरावण्याची मनाची तयारी ठेवावी, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो. तुम्ही त्याच्या वर गेला असलात, तरी सध्या वजन उतरवण्याच्या मागे लागू नका. वजनकाटा महिनाभर कपाटावर टाका.

व्यायामशाळेत या आठवड्यातच जा, पण गर्दी नसते अशा दुपारी, सैल टी-शर्टमध्ये, आणि ओळखीचे सोपे व्यायाम करून पाऊण तासात बाहेर पडा. बॅनरबद्दल मंडळाच्या मुलांना सरळ सांगा की आता काढा. महिना झाल्यावर कोणाला वाईट वाटत नाही.

हे सगळे करूनही रात्रीचे खाणे थांबले नाही, खाल्लेले मुद्दाम ओकून टाकावेसे वाटू लागले, किंवा जगण्यातच रस उरला नाही असे विचार येऊ लागले, तर ते अंगावर काढू नका. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही विनाशुल्क बोलता येते आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. तिथल्या रांगेत उभे राहण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. खांदा निखळल्यावर तुम्ही अस्थितज्ज्ञाकडे गेलाच असता.

प्रश्न : स्पर्धेनंतर वजने उचलणे किती दिवस बंद ठेवावे?
— एक वाचक, परळ

उत्तर : पूर्ण विश्रांती चार-पाच दिवस ते आठवडाभर पुरते. त्यानंतर दोन-तीन आठवडे नेहमीच्या निम्मे सेट आणि सोसतील अशी वजने ठेवावीत. कार्डिओ एका झटक्यात बंद केला तरी चालेल. ताकद परत यायला मात्र वेळ लागतो. वर सांगितलेल्या नोंदीतल्या स्पर्धकाची ताकद सहा महिन्यांनंतरही पूर्ववत झालेली नव्हती. तेव्हा पहिल्याच महिन्यात जुन्या बेंचप्रेसचा आकडा गाठायला जाऊ नये.

प्रश्न : व्यायामशाळेतला एक मुलगा सरावाआधी ‘थकवा जाईल’ म्हणून शिरेत एक इंजेक्शन देतो. चार-पाच जण घेतात. ते सुरक्षित आहे का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : नाही. वर्णनावरून ते मेफेन्टरमाइन असावे. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब कोसळला तर तो वर आणण्यासाठी हे औषध वापरतात. धडधाकट माणसाचा रक्तदाब आणि ठोके ते धोक्याच्या पातळीवर नेते, त्याची सवय लागते आणि भ्रम होऊ लागतात. सुई एकच असेल, तर कावीळ आणि एचआयव्हीची भीती वेगळी. आजपर्यंत घेतले असेल, तर ईसीजी, रक्तदाब आणि हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्ही यांच्या तपासण्या करून घ्या आणि ती व्यायामशाळा सोडा.

प्रश्न : मी महिलांच्या फिजिक प्रकारात खेळते. स्पर्धेच्या आधीपासून पाळी बंद आहे, आता पाच महिने होत आले. प्रशिक्षक म्हणतात, खेळाडूंमध्ये हे चालतेच.
— एक स्पर्धक, कांदिवली

उत्तर : खेळाडूंमध्ये हे आढळते, म्हणून ते चालवून घ्यावे असे होत नाही. खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडली की मेंदू प्रजननाचे काम थांबवतो. त्याबरोबर इस्ट्रोजेन घसरते आणि हाडे विरळ होऊ लागतात, जे तुम्हाला आरशात दिसत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या ऊर्जा-तुटीवर स्वतंत्र निवेदन काढले, ते हा प्रश्न सर्वच खेळांत पसरलेला असल्यामुळे. फिनलंडमधल्या महिला स्पर्धकांच्या अभ्यासात तीन-चार महिन्यांच्या विश्रांतीनंतर बरीचशी संप्रेरके सावरली, पण थायरॉइडचे टी-३ आणि टेस्टोस्टेरॉन तोवरही खालीच होते. म्हणजे पाळी यायला वेळ लागू शकतो हे खरे, पण तो वेळ पोटभर खाल्ल्यानंतर मोजायला सुरुवात होते.

तीन महिने पाळी चुकली की स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचे, हा नियम ठेवा; तुम्ही तो ओलांडला आहे. गर्भधारणा, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन यांची तपासणी आधी होईल. सहा महिने उलटले तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी विचारून घ्या. संप्रेरकांच्या गोळ्या देऊन रक्तस्राव सुरू झाला, तर त्याला पाळी परत आली असे समजू नका, कारण मूळ तूट तशीच असते. आणि पाळी आपोआप, सलग काही महिने येईपर्यंत पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरू नका. हे प्रशिक्षकांना मान्य नसेल, तर दुसरे प्रशिक्षक शोधावेत.

प्रश्न : स्पर्धेनंतर रक्त तपासले. क्रिएटिनिन १.४ आले आणि एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही वाढलेले आहेत. घरचे म्हणतात, प्रोटीन पावडरने किडनी आणि लिव्हर गेले. मी आदल्या संध्याकाळी पायांचा जड व्यायाम केला होता आणि क्रिएटिन घेतो.
— एक वाचक, दादर

उत्तर : या रिपोर्टवरून काहीच ठरवता येत नाही, ना घरच्यांचे म्हणणे खरे, ना खोटे. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांचे काम जोखतात, पण ते स्नायूंतूनच तयार होते. ज्याचे स्नायू जास्त आणि जो शिवाय क्रिएटिन घेतो, त्याचा आकडा मूत्रपिंडे ठणठणीत असूनही वर दिसू शकतो. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीत पाहिली जाणारी विकरे (एन्झाइम) यकृताप्रमाणे स्नायूंतही असतात आणि जड व्यायामानंतर आठवडाभर चढलेली राहू शकतात. आदल्या संध्याकाळी स्क्वॉट मारून सकाळी प्रयोगशाळेत जाणे म्हणजे रिपोर्ट मुद्दाम बिघडवणेच आहे.

आठ-दहा दिवस जड वजने आणि क्रिएटिन दोन्ही थांबवा, पाणी नेहमीसारखे प्या आणि मग पुन्हा तपासा. या वेळी क्रिएटिनिनसोबत सिस्टॅटिन-सी आणि लघवीतली प्रथिने पाहा. सिस्टॅटिन-सी स्नायूंच्या प्रमाणावर फारसे अवलंबून नसते. यकृतासाठी जीजीटी आणि बिलिरुबिन, तर स्नायूंसाठी सीपीके. सीपीके वर आणि जीजीटी नेहमीसारखे आले, तर वाढ स्नायूंतून आलेली असण्याचीच शक्यता जास्त. रक्तदाबही मोजा, कारण मूत्रपिंडांचे नुकसान पावडरपेक्षा दुर्लक्षित रक्तदाबाने अधिक होते.

तयारीच्या काळात स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर मात्र वरचा दिलासा लागू नाही. त्या गोळ्या यकृताला थेट त्रास देतात, चांगले कोलेस्टेरॉल पाडतात आणि रक्त घट्ट करतात. तेव्हा लिपिड (रक्तातली चरबी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) हेही तपासावे लागेल. हे डॉक्टरांपासून लपवू नका. आईवडिलांसमोर बोलायला संकोच वाटत असेल, तर तपासणीला एकटे जा आणि कपाटातले सगळे डबे व गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या.